परत येणारी दुर्बीण

(गॅमा किरणांच्या खगोलशास्त्रातील फुग्यांविषयी सोलापूर येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



थंडी पडू लागली की हैदराबादहून वर्तमानपत्रांकडे एक निवेदन यायचं, आणि त्याचा मजकूर वर्षानुवर्षं जवळपास तोच असायचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्रातून काही मोठे फुगे सोडले जाणार आहेत. ते पातळ पॉलिथिलीनचे आहेत, त्यांत हायड्रोजन भरलेला आहे, व्यास ५० ते ८५ मीटर. ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर ते काही तास तरंगतील आणि मग त्यांना बांधलेली उपकरणं पॅराशूटच्या आधाराने जमिनीवर येतील. कुठे येतील हे सांगताना एक रेषा दिलेली असते : विशाखापट्टणम, हैदराबाद, सोलापूर. शेतात असा पेटारा दिसला तर हात लावू नका, पोलिस ठाण्यात कळवा, बक्षीस मिळेल. उघडून पाहिलंत तर मात्र बक्षीस नाही, शिवाय आत उच्च दाबाची वीज असू शकते.

सोलापूरचं नाव जगभर गेलं ते चादरीमुळे. खगोलशास्त्राच्या कागदपत्रांत ते दुर्बिणी पडण्याच्या वाटेवरचं गाव म्हणून आहे. तेव्हा हा विषय इथे मांडायला मला वेगळं निमित्त शोधावं लागलं नाही.

माझं आयुष्य डिटेक्टरमागच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेलं, त्यामुळे मी बोलणार आहे ते त्या पेटाऱ्याबद्दल. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. फुग्याची उंची ही त्याची थोरवी आहे असं आपण समजतो. उंचीत उपग्रह त्याला केव्हाच मागे टाकून गेले. फुग्याचं खरं मोल हे, की त्याच्याबरोबर गेलेलं यंत्र परत येतं. ते उघडता येतं, काय जळलं आणि का जळलं ते बघता येतं, आणि पुढच्या हंगामात दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतं. गॅमा किरणांच्या खगोलशास्त्रातली बहुतेक नावाजलेली यंत्रं अशी पडत-उठत मोठी झालेली आहेत.

आधी वर जायचंच कशाला, ते बघू. गॅमा किरण शिशातूनही पार होतात असं आपण शाळेत ऐकलेलं असतं, मग साध्या हवेने ते अडावेत हे विचित्र वाटतं. पण हवा विरळ असली तरी खूप आहे. जमिनीवरच्या दर चौरस सेंटिमीटरवर तिचं सुमारे १ किलो वजन उभं असतं, म्हणजे डोक्यावर १० मीटर पाणी असल्यासारखंच. आकाशातून आलेला गॅमा किरण त्यातून आपल्यापर्यंत पोचत नाही. ४० किलोमीटरवर गेलात की डोक्यावर उरते दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३ ग्रॅम हवा, म्हणजे ३ सेंटिमीटर पाणी. तेवढ्यातून १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे आणि त्याहून जोरकस किरण बऱ्याच संख्येने पार होतात. २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचे क्ष-किरण तिथेही अडतात, त्यांच्यासाठी रॉकेट किंवा उपग्रहच हवा. दुसऱ्या टोकाला, अतिप्रचंड ऊर्जेच्या गॅमा किरणांसाठी हवा अडचण न राहता उपकरण होते. लडाखमधल्या हानले इथली ‘मेस’ दुर्बीण त्यांनी हवेत पाडलेला निळसर प्रकाश टिपते. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. फुग्याची हद्द या दोहोंच्या मधली.

या वाटेने सुरुवातीला माणूस गेला तो स्वतःच फुग्यात बसून. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस बोहेमियातल्या आउसिगहून हायड्रोजनच्या फुग्यातून निघाला आणि ५,००० मीटरहून वर गेला. बरोबर विद्युत्‌दर्शक होते. वर जावं तसं प्रारण कमी होईल अशी अपेक्षा होती, ते वाढत गेलं. विश्वकिरणांचा शोध तो हाच, आणि त्याबद्दल हेसला १९३६ साली नोबेल मिळालं. हे विश्वकिरण आपल्या कथेतले खलनायक आहेत, त्यांच्याकडे पुन्हा येऊ.

भारतात हा विषय होमी भाभांबरोबर आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंगळूरला होते आणि विश्वकिरण हाच त्यांचा विषय होता. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या कामांमध्ये फुगे होते. सुरुवातीचे रबराचे. नंतर प्लॅस्टिकचे आले, आणि तिथे एक अडचण उभी राहिली ती मला फार शिकवणारी वाटते.

अमेरिकेत पॉलिथिलीनचे फुगे व्यवस्थित उडत होते. तेच आपल्याकडे उडवले तर १६-१७ किलोमीटरवर फाटायचे. कारण आपल्या डोक्यावर होतं. विषुववृत्ताजवळ जमीन तापलेली असते, पण तिथल्या तपस्तब्धीची, म्हणजे १६-१७ किलोमीटरवरच्या त्या थराची, थंडी मध्य अक्षांशांपेक्षा कितीतरी कडक असते, उणे ८० अंश सेल्सिअस आणि कधी त्याहूनही खाली. त्या थंडीत परदेशी फिल्म काचेसारखी ठिसूळ व्हायची. तेव्हा फिल्मच अशी हवी होती की उणे ८० ला ती लवचीक राहील, आणि जाडी मात्र मिलिमीटरच्या काही शतांश भागापुरती. संस्थेने फुगे स्वतः बनवायला घेतले. लांबच लांब टेबलांवर फिल्मच्या पट्ट्या अंथरून, उष्णतेने शिवण घालून. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हैदराबादहून उड्डाणं होऊ लागली आणि १९६९ मध्ये तिथे कायमचं केंद्र उभं राहिलं. परदेशात हेलियम वापरतात, आपण हायड्रोजन. स्वस्त आहे, इथे बनतो. मात्र पेट घेतो, म्हणून भरताना ठिणगीचं भय असतं.

हैदराबादच का? हवामान आणि मोकळी जमीन ही कारणं आहेतच, पण भौतिकीचं कारण अधिक गोड आहे. हैदराबाद चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. विश्वकिरण विद्युत्‌भारित असतात, त्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवतं, आणि विषुववृत्ताजवळ सगळ्यांत जास्त. हैदराबादवर सरळ खाली यायचं तर प्रोटॉनकडे सुमारे १७ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. टेक्सासमधल्या पॅलेस्टाइन गावी, जिथे अमेरिकेचं मोठं फुगाकेंद्र आहे, तिथे ४-५ पुरते. म्हणजे आपल्या आकाशात विश्वकिरणांची गर्दी जात्याच कमी. गॅमा किरणांच्या माणसाला यासारखं दुसरं सुख नाही.

कारण गॅमा दुर्बीण म्हणजे दिसण्यापेक्षा न दिसण्याशी चाललेली झुंज असते. हे किरण आरशावरून परततही नाहीत आणि भिंगाने वळतही नाहीत. मग उरतो एकच उपाय : किरण एखाद्या जड पदार्थात अडकवायचा आणि त्याने तिथे सोडलेली ऊर्जा मोजायची. सोडियम आयोडाइडचा स्फटिक घेतला तर किरण पडताच क्षीण चमक होते, ती फोटोमल्टिप्लायर नळी टिपते. जर्मेनियमचा डिटेक्टर असेल तर विद्युत्‌भार थेट मिळतो, पण त्याला द्रव नायट्रोजनने गार ठेवावं लागतं. खूप जोरकस किरणांसाठी पूर्वी स्पार्क चेंबर असायचं. किरणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते आणि तिच्या वाटेवर ठिणग्या उमटतात.

पण स्फटिकाला कळत नाही की आलेला किरण खेकडा तेजोमेघातून आला की शेजारच्या बॅटरीच्या डब्यातून. विश्वकिरण वरच्या हवेवर आदळून स्वतःचे गॅमा किरण निर्माण करतात. ते दुर्बिणीच्या लोखंडावर, शिशावर आदळतात, तिथूनही गॅमा किरण निघतात. ताऱ्याकडून शंभर किरण यावेत आणि आसपासच्या कचऱ्याचे हजारो, असा हिशेब असतो. म्हणून मुख्य स्फटिकाभोवती दुसऱ्या स्फटिकाचं कवच घालतात. कवच आणि गाभा दोन्ही एकाच वेळी चमकले तर ती नोंद टाकून द्यायची. जाड शिशाने काम भागेल असं वाटतं, पण शिसं स्वतःच बोलायला लागतं. कवच जागं हवं. आमच्या क्षेत्रात जितका पैसा किरण पकडण्यावर खर्च होतो, त्याहून अधिक नको ते किरण ओळखण्यावर होतो.

आणि दिशा? त्यासाठी एक युक्ती आहे, ती सोलापूरला चटकन समजेल. जेकार्ड मागाची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं तुमच्यापैकी अनेकांनी हाताळली असतील. तशाच भोकं-बंद, भोकं-बंद नक्षीचा शिशाचा किंवा टॅन्टलमचा पत्रा डिटेक्टरच्या वर ठेवायचा. ताऱ्याकडून आलेल्या किरणांनी त्या नक्षीची सावली खालच्या डिटेक्टरवर पडते. सावली किती सरकली यावरून तारा कुठे आहे ते गणिताने काढता येतं. नक्षी अशी निवडावी लागते की सरकलेल्या दोन सावल्यांची गल्लत होऊ नये. याला कोडेड मास्क म्हणतात.

आता उड्डाण. जमिनीवरचा वारा पडतो ती वेळ धरायची, बहुधा रात्रीची अखेर. मोकळ्या जागेवर फुगा लांबलचक पसरलेला असतो आणि त्यातला फक्त वरचा टोकाचा भाग वायूने फुगवतात. हे पाहणाऱ्याला खटकतं, एवढ्या मोठ्या पिशवीत एवढासाच वायू! पण ४० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीच्या तीनशेव्या भागाइतका असतो, तिथे तेवढाच वायू फुगून सगळी पिशवी भरतो. खाली पॅराशूट, त्याखाली गोंडोला : ॲल्युमिनियमचा सांगाडा, थर्मोकोलचे थर, पांढरा रंग आणि तळाला पुठ्ठ्याचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे ठोकळे. हे ठोकळे उतरताना चेपण्यासाठीच असतात. दर सेकंदाला ५ मीटरच्या आसपास वेगाने फुगा चढतो. पोचायला अडीच-तीन तास.

या चढणीत नियंत्रण कक्षातले लोक एका आलेखाकडे डोळे लावून असतात. डिटेक्टरच्या नोंदी वर जाताना वाढत जातात, १५ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात कळस गाठतात आणि मग उतरतात. विश्वकिरणांनी हवेत केलेली फुटाफूट तिथे सगळ्यांत दाट असते. आलेखाला हा उंचवटा आला की समजायचं, यंत्र जिवंत आहे. नाही आला तर काही तरी बिघडलं आहे, आणि आता फक्त बघत बसायचं.

बिघडायला निमित्तं पुष्कळ, त्यातलं एक माझ्या धंद्यातलं आहे म्हणून सांगतो. फोटोमल्टिप्लायरला हजार-दीड हजार व्होल्ट लागतात. जमिनीवरच्या दाबाला हवा ही वीज अडवून धरते. अंतराळातल्या निर्वातातही ठिणगीला माध्यम नसतं. मधल्या काही मिलिबारच्या दाबाला मात्र हवा सगळ्यांत सहज वीज वाहू देते, आणि फुगा तरंगतो तो नेमका तिथेच. टेबलावर महिनोन्‌महिने निमूट चाललेलं सर्किट निर्वात पात्रात घालून हवा काढत गेलं की एका ठिकाणी जांभळी झाक दिसते. बघावं तर सोल्डरचं एक टोक टोकदार राहिलेलं असतं. मग टोकं गोल करा, सिलिकोन ओता, नाहीतर सगळंच हवाबंद डब्यात घाला. थंडीचं गणितही असंच उफराटं. चढताना सगळं उणे ८० च्या थरातून जातं, आणि वर पोचल्यावर ऊन लागून तापतं, कारण उष्णता वाहून न्यायला हवाच नसते. उपग्रहासाठी लिहिलेल्या पुस्तकांत यातलं बरंच सापडत नाही.

फुग्यांनी काय मिळवून दिलं याची एक गोष्ट मी सविस्तर सांगणार आहे, कारण तीत मला या विषयाचा स्वभाव दिसतो.

इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलटा जोडीदार पॉझिट्रॉन भेटले की दोघेही नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण निघतात. हा आकडा निसर्गाने ठरवलेला आहे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटाने अर्जेंटिनातल्या पारानाहून फुगा उडवला. आपल्या आकाशगंगेचं केंद्र दक्षिण गोलार्धात जवळपास डोक्यावरून जातं, म्हणून तिथे. केंद्राच्या दिशेने त्यांना एक उंचवटा दिसला. पुढच्या वर्षीच्या उड्डाणातही दिसला. फक्त तो ५११ ला नव्हता, ४७६ च्या आसपास होता.

३५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक. सोडियम आयोडाइडची नजर या भागात तशी धूसर असते, पण फरक नजरेच्या दोषापेक्षा मोठा वाटत होता. मग कल्पनांना ऊत आला. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावर पॉझिट्रॉन नष्ट होत असतील आणि तिथल्या प्रचंड गुरुत्वामुळे किरणांची ऊर्जा घटत असेल, असं एक सुंदर स्पष्टीकरण पुढे आलं. बेल प्रयोगशाळेतल्या मार्विन लेव्हेंथॉलने १९७३ मध्ये अधिक घरगुती उत्तर सुचवलं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन नष्ट होण्यापूर्वी क्षणभर एकमेकांभोवती फिरतात, एक अणूच बनवतात, त्याला पॉझिट्रोनियम म्हणतात. त्याच्या एका प्रकारातून दोनऐवजी तीन किरण निघतात आणि ऊर्जा तिघांत वाटली जाते, म्हणजे प्रत्येकी ५११ पेक्षा कमी. धूसर नजरेचा डिटेक्टर ही पसरलेली ऊर्जा आणि ५११ ची रेषा एकत्र बघतो आणि कळस खाली सरकल्याचा भास होतो.

हे सिद्ध करायचं तर तीक्ष्ण नजर हवी. लेव्हेंथॉल सिद्धांत मांडून थांबला नाही. त्याने आणि सँडिया प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी जर्मेनियमची दुर्बीण बांधली आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जहून उडवली. अडचण अशी की वातावरणात विश्वकिरणांमुळे पॉझिट्रॉन सारखे जन्मतात आणि मरतात, म्हणजे आकाश कुठेही पाहिलं तरी ५११ ची रेषा दिसतेच. म्हणून थोडा वेळ केंद्राकडे, थोडा वेळ बाजूला, असं आलटून पालटून पाहायचं आणि वजाबाकी करायची. उरलेली रेषा ५११ वरच होती, अर्ध्या किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत. न्यूट्रॉन ताऱ्याची सुंदर कल्पना गेली, पॉझिट्रोनियम राहिलं. राइसच्या गटाचं निरीक्षण चुकलं नव्हतं हेही नीट लक्षात घ्यावं. त्यांना जे दिसलं ते होतंच, फक्त त्याचं वाचन पुढच्या यंत्राला जमलं.

यानंतरही गोष्ट सुरळीत झाली असं नाही. १९८० नंतरच्या काही उड्डाणांत ही रेषा मंदावलेली किंवा नाहीशी झालेली दिसली आणि केंद्रात काही तरी चालू-बंद होतंय अशी चर्चा वर्षानुवर्षं चालली. पुढे उपग्रहांनी, विशेषतः २००२ मध्ये गेलेल्या ‘इंटिग्रल’ने, दाखवलं की हा प्रकाश एका बिंदूतून येत नसून आकाशगंगेच्या मध्यभागाच्या फुगीर प्रदेशात पसरलेला आहे. वेगवेगळ्या दुर्बिणींची नजर कमी-अधिक रुंद, म्हणून प्रत्येकीला त्याचा वेगळा हिस्सा दिसत होता. एवढे पॉझिट्रॉन येतात कुठून, हे मात्र आजही कोणी ठामपणे सांगू शकत नाही.

अतिनवताऱ्याची कथा थोडक्यात. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलॅनिक मेघात तारा फुटलेला दिसला. अशा स्फोटात किरणोत्सारी निकेल तयार होतं, त्याचं ६ दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्ट, कोबाल्टचं ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंड. कोबाल्ट बदलताना ८४७ आणि १,२३८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण सोडतं. ताऱ्यांत मूलद्रव्यं घडतात याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही. नवा उपग्रह बांधायचा तर दशक जातं. कोबाल्ट तेवढं थांबणार नव्हतं. फुगेवाल्यांनी यंत्रं बांधली, ॲलिस स्प्रिंग्ज गाठलं आणि काही महिन्यांत अनेक गटांनी उड्डाणं केली. सूर्याच्या अभ्यासासाठी आधीच फिरत असलेल्या ‘सोलर मॅक्स’ उपग्रहाने रेषा टिपल्या, फुग्यांनीही टिपल्या. त्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच आधी दिसल्या, म्हणजे आतलं कोबाल्ट ढवळून बाहेरच्या थरांत आलं होतं.

न दिसण्यातूनही फुग्यांनी विज्ञान केलं आहे. जेराल्ड फिशमन आणि सहकारी १९८० च्या आसपास मोठ्या क्षेत्रफळाचे डिटेक्टर उडवून मंद गॅमा स्फोट, म्हणजे आकाशात अवचित उमटून विझणाऱ्या गॅमा किरणांच्या चमका, शोधत होते. साधं गणित म्हणत होतं की डझनावारी दिसतील. जवळजवळ काहीच दिसलं नाही. मंद स्फोट कमी आहेत, याचा अर्थ आपल्याला त्यांच्या वस्तीची कड दिसते आहे, हा धागा तिथे हाती लागला. तेच डिटेक्टर मोठे होऊन ‘बॅट्से’ या नावाने १९९१ मध्ये कॉम्प्टन या अंतराळातल्या गॅमा वेधशाळेतून गेले आणि २,७०० हून अधिक स्फोटांची नोंद करून आले. ‘आले’ म्हणतोय खरा, २००० मध्ये ती वेधशाळा समुद्रात पाडली. त्याच वेधशाळेवरच्या ‘कॉम्पटेल’ची पद्धत जर्मनीतल्या गार्खिंगच्या गटाने आधी फुग्यांवर घासूनपुसून घेतली होती. फिओना हॅरिसन यांच्या गटाचे क्ष-किरणांसाठीचे आरसे आणि डिटेक्टर २००५ मध्ये फुग्यावर उडाले, २०१२ मध्ये त्याच घराण्यातली ‘नुस्टार’ कक्षेत गेली.

आपल्याकडचं घराणं. २८ एप्रिल १९६८ रोजी हैदराबादहून क्ष-किरणांचं पहिलं उड्डाण झालं. लक्ष्य होतं वृश्चिकातला स्को एक्स-१. त्या उड्डाणाविषयीच्या निबंधावरच्या नावांत अग्रवाल, विश्वास, अय्यंगार, मनचंदा, श्रीकांतन यांच्याबरोबर गोखले आणि कुंटेही आहेत. यांतले पी. सी. अग्रवाल पुढे चाळीसेक वर्षं याच कामात राहिले. झेनॉन वायूने भरलेले मोठे डिटेक्टर १९९० च्या दशकात हैदराबादहून फुग्यावर गेले, परत आले, सुधारले गेले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उडाला तेव्हा त्यावरचे ‘लॅक्सपीसी’ नावाचे तीन संच हे त्यांचेच वारस होते. वायूचं मिश्रण, तारांची मांडणी, कोपऱ्यांतला बॅकग्राउंड, यातलं किती तरी फुग्यांच्या काळात शिकलेलं. तिघांपैकी एका संचातून पुढे वायू गळू लागला आणि २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. फुग्यावर असता तर शेतातून उचलून आणला असता आणि गळती कुठे आहे ते कोणी तरी साबणाच्या फेसाने शोधलं असतं.

त्याच उपग्रहावर कोडेड मास्कचं ‘सीझेडटीआय’ आहे. मुंबई, पुणे, अहमदाबादच्या संस्थांनी ते बांधलं. पुण्याची आयुका त्यात होती. त्याने खेकडा तेजोमेघातल्या स्पंदकाच्या किरणांचं ध्रुवीकरण मोजलं आणि २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यासाठी एका पिक्सेलमधून दुसऱ्यात उडालेल्या किरणांच्या जोड्या शोधायच्या होत्या, मुळात ते यंत्र त्यासाठी केलेलंही नव्हतं. असं धाडस, डिटेक्टर हातात खेळवलेल्या माणसांनाच सुचतं, असं माझं मत आहे.

फुग्याचं गुणगान करताना त्याची दुखणी लपवायला नकोत. हैदराबादच्या उड्डाणाला काही तास मिळतात. पूर्वेला समुद्र, खाली दाट वस्ती. साधा फुगा खालून उघडा असतो, रात्री वायू आकसला की तो खाली येतो आणि वजन म्हणून नेलेले पोलादी छर्रे टाकून त्याला सावरावं लागतं. छर्रे संपले, खेळ संपला. आणि अपघात होतात. २९ एप्रिल २०१० रोजी ॲलिस स्प्रिंग्जला बर्कलीच्या गटाची ‘एनसीटी’ ही जर्मेनियमची गॅमा दुर्बीण उडायची होती. फुगा सुटला, पण गोंडोला क्रेनपासून वेळेवर सुटला नाही. नंतर तो तुटून जमिनीवर फरफटत गेला, कुंपण फोडलं आणि उभी असलेली एक मोटार उलथवली. बघायला आलेले लोक जीव घेऊन पळाले. कोणाला गंभीर इजा झाली नाही. नासाने उड्डाणं थांबवून चौकशी केली.

ढिगाऱ्यातून त्या गटाने पुन्हा सुरुवात केली. नवं यंत्र, नाव ‘कोसी’. २०१४ च्या अखेरीस ते अंटार्क्टिकाहून नव्या जातीच्या फुग्यावर उडालं. हा फुगा बंद असतो, आत दाब राखतो, त्यामुळे दिवसरात्र उंची टिकवायची त्याची हमी. पण तो गळका निघाला आणि उड्डाण दोन दिवसही चाललं नाही. यंत्र मात्र बर्फावरून परत आणलं. १७ मे २०१६ रोजी तेच न्यूझीलंडमधल्या वानाकाहून उडालं, दक्षिण गोलार्धातून फिरत राहिलं आणि ४६ दिवसांनी पेरूमध्ये उतरलं. वाटेत १२ पैकी काही डिटेक्टर उच्च दाबाच्या विजेच्या तक्रारीने बंद पडले. मघाशी सांगितलेली जांभळी झाक आठवून मला त्यांची दया आली. उरलेल्यांनी एक गॅमा स्फोट पकडला, आणि आकाशगंगेच्या केंद्राकडची ५११ ची रेषाही.

नासाने २०२१ मध्ये ‘कोसी’ला उपग्रह म्हणून निवडलं आणि ते २०२७ मध्ये पाठवायचं घाटतं आहे. जर्मेनियमचे डिटेक्टर आता १६ असतील. लक्ष्य आहे ०.२ ते ५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा पट्टा. ‘कॉम्पटेल’ गेल्यापासून या पट्ट्याचं सबंध आकाश नव्याने कोणी नीट पाहिलेलं नाही. त्याची कक्षा जवळजवळ विषुववृत्तावरून ठेवली आहे, विश्वकिरणांपासून दूर राहण्यासाठी. ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’चीही कक्षा विषुववृत्तापासून ६ अंशांपलीकडे जात नाही, ती याच हिशेबाने. जे सुख हैदराबादला फुकट मिळालं आहे, ते मिळवायला हे उपग्रह मुद्दाम विषुववृत्ताला चिकटून ठेवावे लागतात.

इथे माझी एक तक्रारवजा सूचना आहे. उपग्रह उडवू लागल्यापासून आपल्याकडच्या तरुणाला फुगा कमीपणाचा वाटतो. डॉक्टरेटच्या चार-पाच वर्षांत तो उपग्रहाच्या आकडेवारीवर निबंध लिहू शकतो, डिटेक्टर एकदाही न पाहता. तो निबंध चांगलाही असतो. पण पुढचा ‘सीझेडटीआय’ कोण बांधणार? हैदराबादच्या तळावर शिलाईची टेबलं आहेत, हायड्रोजन आहे, पॅराशूटमागे धावणाऱ्या गाड्या आहेत आणि उणे ८० ला न फाटणारी फिल्म करण्याचा अनुभव आहे. आज फोटोमल्टिप्लायरच्या जागी नखाएवढे सिलिकॉनचे सेन्सर मिळतात, त्यांना तीस-चाळीस व्होल्ट पुरतात. उच्च दाबाची अर्धी डोकेदुखी गेली. सीझियम आयोडाइडचा मुठीएवढा स्फटिक, असे सेन्सर, एक छोटा संगणक आणि जीपीएस, एवढ्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं वातावरणातली ५११ ची रेषा आणि १५-२० किलोमीटरचा तो उंचवटा स्वतः मोजू शकतात. मोठ्या उड्डाणाच्या गोंडोलावर असा दोन-तीन किलोचा डबा बांधायला जागा निघते. अर्ज करावा लागेल, निर्वात पात्रात आणि थंड पेटीत डबा तपासून न्यावा लागेल, त्याचा आराखडा सुरक्षा समितीपुढे मांडावा लागेल. ज्यांना यात रस असेल त्यांनी व्याख्यानानंतर थांबावं. स्फटिक कुठला घ्यायचा आणि पहिल्यांदा काय जळतं, एवढं मी आजच सांगू शकेन.